शेवटी झाडाने कुणाला खावं? ('लिटल शॉप ऑफ हॉरर्स'ची डिस्क आणि तिच्यातले दोन शेवट)

मागची रांग (धागाकर्ता)

शेवट फोडल्याशिवाय या विषयावर बोलताच येत नाही. ज्यांना सिनेमा पाहायचाय आणि कोऱ्या पाटीने पाहायचाय, त्यांनी इथूनच परत फिरावं.

माहीत नसलेल्यांसाठी आधी थोडं. १९६० साली रॉजर कॉरमनने एक स्वस्तातला विनोदी भयपट काढला होता. चित्रीकरण जेमतेम दोन दिवसांत उरकलं, हीच त्याची मोठी ख्याती. त्यावरून १९८२ मध्ये हॉवर्ड ॲशमन आणि ॲलन मेन्केन यांनी न्यूयॉर्कच्या एका लहान नाट्यगृहात संगीत नाटक उभं केलं. ते पाच वर्षं चाललं. मग १९८६ मध्ये फ्रँक ऑझने नाटकाचा सिनेमा केला, पटकथा ॲशमनचीच. गोष्ट अशी: गरीब वस्तीतल्या फुलांच्या दुकानात सीमोर नावाचा बावळट, अनाथ नोकर. त्याला एक विचित्र रोप मिळतं, ते रक्तावर वाढतं. झाड वाढेल तसं दुकान चालायला लागतं, सीमोरचं नाव होतं, ज्या ऑड्रीवर तो मनातल्या मनात मरत असतो ती त्याला मिळते. आणि झाडाला आता बोटातले थेंब पुरत नाहीत, अख्खी माणसं लागतात.

नाटकात झाड शेवटी सगळ्यांना खातं, नायक-नायिकेसकट. सिनेमाही तसाच चित्रित झाला होता. प्रदर्शनाआधी प्रेक्षकांचा अंदाज घ्यायला सॅन होजेला चाचणी खेळ लावला, त्यात गाण्यागाण्याला टाळ्या पडल्या, पण ऑड्री आणि सीमोर झाडाच्या पोटात गेल्यावर प्रेक्षागृह गारठलं. 'हा सिनेमा दुसऱ्यांना सुचवाल का' याला हो म्हणणारे १३ टक्के निघाले. लॉस एंजेलिसला पुन्हा खेळ लावला, रडगाणं तेच. मग शेवट नव्याने लिहून नव्याने चित्रित केला: सीमोर झाडाला विजेचा झटका देतो, झाड फुटतं, लग्न, उपनगरात टुमदार घर.

१९९८ मध्ये डीव्हीडी आली, तिच्यात पहिल्यांदा तो कापलेला शेवट होता. कच्च्या प्रतीतला, काळा-पांढरा, अर्धवट आवाजाचा. निर्माते डेव्हिड गेफन यांची हरकत आली आणि काही दिवसांतच डिस्क बाजारातून परत मागवल्या गेल्या. ज्यांच्या हाताला लागल्या त्यांनी त्या सोन्यासारख्या जपल्या. शेवटी २०१२ मध्ये ब्लू-रे निघाली: मूळ शेवट पूर्ण रंगात, पूर्ण आवाजात, कव्हरवर ठळक 'डायरेक्टर्स कट', म्हणजे दिग्दर्शकाची आवृत्ती.

आता माझं म्हणणं. मी वर्षानुवर्षं त्या मूळ शेवटाच्या बाजूने भांडलोय. कुणीतरी उतरवलेली धूसर प्रत पाहून, 'स्टुडिओने सिनेमाचं वाटोळं केलं' असं भेटेल त्याला ऐकवलंय. मग ब्लू-रे आली, शेवट रंगीत पाहिला, धन्य झालो. दुसऱ्यांदा डिस्क लावली तेव्हा मात्र हात आपोआप थिएटरवाल्या आवृत्तीवर गेला. तिसऱ्यांदाही. आता मान्य करतो: १९८६ मध्ये जो सिनेमा लागला, तोच खरा सिनेमा. डायरेक्टर्स कट हा उत्तम ऐवज आहे, पण तो बाजूला, पुरवणीत शोभला असता. कव्हरवर मिरवण्याचा मान त्याचा नाही.

---

तिसरी घंटा

धागा वाचून कपाळावर हात मारला. वर्षानुवर्षं बरोबर होतात, आत्ताच बिघडलात!

अहो, ही गोष्टच सौद्याची आहे. सीमोर हप्त्याहप्त्याने आत्मा विकतो. ऑड्रीला मारहाण करणारा तिचा मित्र, तो दंतवैद्य, गुदमरत असताना हा समोर उभा राहून बघतो, मग कुऱ्हाडीने तुकडे करून झाडाला घालतो. मालकाला झाड गिळतं तेव्हाही याच्या तोंडून 'मागे बघा' निघत नाही. असा माणूस शेवटी बायकोचा हात धरून कुंपणवाल्या घरात राहायला जातो, आणि आपण टाळ्या वाजवायच्या?

आणि ते घर! 'समव्हेअर दॅट्स ग्रीन' हे ऑड्रीचं गाणं आठवा. मार खाऊन डोळा काळानिळा झालेली बाई मासिकातल्या चित्रांसारखं घर मागतेय. सोफ्यावर प्लास्टिकचं आवरण, छोटासा टीव्ही, आखीव कुंपण. गाणं गोड आहे, पण त्याला एक बोचरी कड आहे, कारण तिचं स्वप्नसुद्धा जाहिरातीतून उसनं आणलेलं आहे. मूळ शेवटात ती मरताना तेच गाणं पुन्हा येतं. ती म्हणते मला झाडाला घाल, म्हणजे मी निदान कुठल्यातरी हिरव्या जागी असेन. हिरवी जागा म्हणजे झाडाचं पोट! एका शब्दावर अख्खा पहिला अंक फिरवलाय ॲशमनने. थिएटरवाल्या आवृत्तीत काय होतं? तिला खरंच ते घर मिळतं. विनोदातली कळ काढून टाकायची आणि वर विनोद सांगितल्याचं समाधान मानायचं, असा प्रकार.

---

अर्धविराम

घर मिळतं, पण बागेत कोपऱ्यात त्याच झाडाची एक इवलीशी कळी हसत असते हे विसरलात? गोड शेवट म्हणावा इतका काही तो गोड नाही.

---

तिसरी घंटा

@अर्धविराम, ती कळी म्हणजे पावती आहे. 'आम्हाला ठाऊक आहे आम्ही काय केलंय' अशी.

---

डिस्कवाला

दोन्ही बाजू गळा काढताहेत, पण डिस्कमध्ये नेमकं काय आहे तेही कुणीतरी सांगायला हवं, म्हणून.

थिएटरवाली आवृत्ती ९४ मिनिटांची, डायरेक्टर्स कट १०३ मिनिटांचा. म्हणजे फक्त वाढवलेला नाही, शेवटाचा बराच भाग अदलाबदल केलेला आहे. सगळ्यात सोपी खूण सांगतो. झाडाची रोपं देशभर विकायचा प्रस्ताव घेऊन येणारा तो व्यापारी बघा. चित्रपटगृहात लागलेल्या सिनेमात तो जिम बेलुशी आहे, मूळ चित्रीकरणात पॉल डूली होता. फेरचित्रीकरणाच्या वेळी डूली मोकळा नव्हता, म्हणून माणूसच बदलला. कुठे कुठली आवृत्ती लावलीय हे ओळखायचं असेल तर त्या गृहस्थाचं तोंड बघावं, बाकी काही नको. हे सांगायचं कारण, ऑनलाइन पाहताना समोर कुठली आवृत्ती आलीय हे कित्येकदा लिहिलेलंच नसतं. डिस्कवर निदान दोन्ही शेजारीशेजारी आहेत.

शहर उद्ध्वस्त होतं ती सगळी दृश्यं लहान प्रतिकृतींवर केलेली आहेत. संगणक नाही. रिचर्ड कॉन्वेच्या चमूने जवळजवळ वर्षभर खपून रस्ते, पूल, इमारती उभ्या केल्या, आणि ते काम २६ वर्षं डब्यात बंद. स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यावर वेली चढतात तो शॉट थांबवून बघा. एवढ्या कामाला 'पुरवणीत टाका' म्हणताना जीभ थोडी अडखळायला हवी होती, मागची रांग.

अवांतर: डिस्क काढणाऱ्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये याचाही दाखला देतो. 'वेस्ट साइड स्टोरी' (१९६१) या संगीतपटाची २०११ ची ब्लू-रे. सुरुवातीला वाद्यवृंदाची लांबलचक नांदी वाजते, पडद्यावर नुसत्या उभ्या रेषा आणि बदलत जाणारे रंग, आणि मग त्या रेषांचंच शहर होतं. त्या जोडावर डिस्कमध्ये पडदा क्षणभर काळा व्हायचा. दोन सेकंदांचा मामला, पण जाणकारांनी बोभाटा केला आणि दुरुस्त डिस्क काढावी लागली. लोक त्यांना किडे म्हणाले. मी त्यांच्यातला एक, त्यामुळे माझं मत सोडून द्या.

---

मागची रांग

@तिसरी घंटा, हिशेब बरोबर आहे तुमचा. सीमोर दोषी आहे. माझा मुद्दा न्यायाचा नव्हताच, कॅमेऱ्याचा होता.

नाटकात सीमोर आणि ऑड्री दहा-पंधरा हातांवर उभे असतात. व्यंगचित्रासारखे ठळक, लाडके, पण लांब. सिनेमात ऑझ 'सडनली सीमोर' या गाण्यात ऑड्री झालेल्या एलन ग्रीनच्या चेहऱ्याच्या इतका जवळ जातो की तिच्या आवाजातला कंप डोळ्यांत दिसतो. नाटकात ऑड्री तीच करायची, तरी सिनेमातली ऑड्री वेगळीच बाई वाटते. एवढं जवळ नेऊन मग तिला मारायचं, आणि पुढची कित्येक मिनिटं, ज्यांच्याशी माझं काडीचं नातं नाही अशी झाडं इमारती पाडताना दाखवायची. कॉन्वेचं काम अफाट आहे, मान्य. पण त्या वेळी मी काय बघत असतो सांगू? झाडाने सीमोरला गिळून त्याचा चष्मा बाहेर थुंकलेला असतो. तो चष्मा. पडद्यावर न्यूयॉर्क कोसळतंय आणि माझं लक्ष अजून चष्म्याकडे.

खुद्द ऑझनेच नंतर मुलाखतींतून हे सांगितलंय: नाटकात मेलेला नट शेवटी येऊन वाकून नमस्कार करतो, सिनेमात मेला तो मेला. ज्याने तो शेवट हौसेने चित्रित केला त्याचं हे म्हणणं. आता त्याच्याच नावाने, 'डायरेक्टर्स कट' म्हणून, डिस्क विकायची?

---

काळा_पांढरा

माझं मत कुणी विचारलेलं नाही, तरी देतो. सगळ्यात भारी शेवट १९९८ वालाच. रंग नाही, काही ठिकाणी नुसता खरखराट, परिणाम अर्धवट. त्यामुळे ते एखाद्या जळक्या डब्यात सापडलेल्या बातमीपटासारखं दिसतं. रंगीत पाहिलं आणि भीती गेली. झाड एकदम खेळणं वाटायला लागलं.

---

डिस्कवाला

@काळा_पांढरा, 😄 हा तिसरा पंथ निघाला. तुमच्यासाठी वेगळा धागा काढा.

---

पालापाचोळा

मला हा अख्खा वादच कळत नाही. नाटक चांगलं होतं ना? मग नाटकच चित्रित करायचं आणि त्याचीच डिस्क काढायची. 'हॅमिल्टन' या संगीत नाटकाचं बघा. २०१६ मध्ये मूळ संचाचे प्रयोग नाट्यगृहातच चित्रित केले, २०२० मध्ये लोकांनी घरी बसून पाहिले, कुणाची तक्रार नाही. शेवटी नट येऊन नमस्कारही करतात, म्हणजे तुमचा तोही प्रश्न मिटला. संगीत नाटकाचा सिनेमा करायचा म्हणजे आधी गाणी कापायची, मग शेवट कापायचा, मग तीस वर्षांनी कापलेलं चिकटवून पुन्हा विकायचं. एकाच गाईचं दूध तीनदा काढतात.

गाणी कापली हे उगाच म्हणत नाहीये. मालक सीमोरला दत्तक घेतो ते 'मुश्निक अँड सन' हे गाणं सिनेमात नाहीच. दंतवैद्य गुदमरतानाचं गाणंही नाही. कुठल्याही कटमध्ये नाही. मूळ शेवट परत आणला म्हणून ढोल बडवणाऱ्यांना ही गाणी आठवत नाहीत वाटतं.

---

केशरकाडी

इतका वेळ गप्प वाचत होते, पण पालापाचोळा यांच्या प्रतिसादानंतर राहवलं नाही.

मी या नाटकाच्या एका हौशी संचात झाडाच्या आत बसायचे. शब्दशः. झाड मोठं होत जातं तशा चार बाहुल्या असतात, शेवटच्या दोन्हींत माणूस आत शिरतो. आवाज दुसऱ्याचा, तो विंगेतून गातो. आत काही दिसत नाही, घाम डोळ्यांत उतरतो, आणि त्या आवाजाच्या श्वासावर कान ठेवून जबडा उघडायचा-मिटायचा. सूर लागायच्या आधी गाणारा श्वास घेतो ना, तिथे हालचाल सुरू करायची, नाहीतर जबडा मागे पडतो. खांदे आठवडाभर बोलत राहतात.

आता मुद्दा. झाडाने गिळलेला नट कुठे जातो माहितीये? माझ्या पायांजवळून सरपटत मागच्या फटीतून बाहेर. आमची ऑड्री दर प्रयोगाला माझ्या गुडघ्याला चिमटा काढून जायची. प्रेक्षक तिकडे हुंदका आवरताहेत आणि इकडे मी हसू दाबतेय. आणि ती बाहेर जाऊन थांबत नाही, मागून वर चढते. कारण नाटकाच्या शेवटी झाडाला फुलं येतात आणि एकेका फुलातून चेहरे बाहेर डोकावतात: दंतवैद्य, मालक, ऑड्री, सीमोर. गिळलेले सगळे. आणि तेच गातात, 'झाडांना खायला घालू नका'. त्यानंतर छतावरून वेली प्रेक्षकांच्या अंगावर पडतात. मूळ प्रयोगातही पडायच्या.

म्हणजे नाटकात मेलेली माणसं नमस्काराची वाटसुद्धा बघत नाहीत, त्याआधीच परत येतात. दंतवैद्य तर त्याहून आधी येतो. तो नट मरतो आणि पुढच्याच भागात वेश बदलून वेगवेगळी माणसं होऊन येत राहतो. मासिकवाली बाई तोच, एजंट तोच, आणि शेवटी रोपं विकायला येणारा व्यापारीसुद्धा बहुतेक प्रयोगांत तोच. प्रेक्षक त्याला ओळखतात आणि खुदखुदतात. या नाटकात मरण ही ये-जा आहे.

ऑझच्या डायरेक्टर्स कटमध्ये फुलं नाहीत, चेहरे नाहीत. गोष्टीत सूत्रधारासारख्या गाणाऱ्या तिघी गायिका अमेरिकेच्या झेंड्यासमोर उभ्या राहून ते गाणं गातात, आणि मेलेले खरंच मेलेले. दंतवैद्य स्टीव्ह मार्टिन आहे, तो मेल्यावर परत येत नाही. त्यामुळे तिसरी घंटा, तुम्ही ज्याला 'नाटकाचा मूळ शेवट' म्हणून कवटाळताय तो नाटकाचा नाहीच. घटना तीच, पण नाटकाने त्या घटनेखाली अंथरलेली गादी काढून घेतलेली. आणि मागची रांग, तुम्ही म्हणताय तसा दोष 'मारण्याचा'ही नाही.

---

अर्धविराम

चिमट्याबद्दल +१.

---

तिसरी घंटा

फुलांचे चेहरे मी विसरले नव्हते, पण त्यांचा असा विचार केला नव्हता हे खरं. तरी एक सांगते. फुलातले चेहरे 'आम्ही परत आलो' असं म्हणत नाहीत, ते आता झाडाचं काम करताहेत. गिळलेल्या माणसांच्या तोंडून झाड गातंय. मला तर ते मेल्याहून भयंकर वाटतं. लहानपणी स्वप्नात येईल असं.

---

केशरकाडी

गातात काय ते ऐका की. 'घालू नका' असं गातात. झाडाचं काम करणारा असं गाईल का?

---

तिसरी घंटा

हं.

(यावर थोडा विचार करते.)

---

पालापाचोळा

केशरकाडी यांनी माझाच मुद्दा सिद्ध केलाय. वेली अंगावर पडायला हव्यात तर नाट्यगृहात जा. डिस्कमधून काय पडणार आहे?

---

मागची रांग

@पालापाचोळा, मग चित्रित केलेल्या नाटकातून तरी काय पडणार आहे? 'हॅमिल्टन'ला ते झेपलं कारण त्यातली सगळी गंमत गाण्याच्या शब्दांत आणि फिरत्या रंगमंचावर आहे, ती कॅमेऱ्याने उचलता येते. या नाटकाचं मर्म अंधारात मानेवर काहीतरी पडण्यात आहे. लांबून चित्रित केलं तर दुसऱ्या कुणाच्यातरी मानेवर पडलेली वेल बघायची.

ऑझला हे पक्कं कळलं होतं, म्हणून तर त्याने अगदी शेवटी झाड पडदा फाडून बाहेर येतं असं दाखवलं. मोठ्या चित्रपटगृहात ती वेलींचीच जागा. पण गंमत बघा, तो शेवट मोठ्या पडद्यावर तेव्हा चाचणी खेळांपुरताच दिसला. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या महोत्सवात पुन्हा दाखवला, नंतर मोजके खेळ झाले, तेवढंच. बाकी बहुतेक जगाने तो घरच्या टीव्हीवर पाहिलाय. टीव्हीच्या चौकटीत झाड 'पडदा फाडतं' तेव्हा माझ्याकडे तर शेजारच्या खुर्चीत कुणी दचकायलाही नसतं.

केशरकाडी यांच्या प्रतिसादाने मात्र माझं घोडं अडलंय. मी म्हणत होतो सिनेमात मारू नये. त्या म्हणताहेत मारा, पण परत आणा. सिनेमात परत आणायचं कसं?

---

अर्धविराम

आणलंय की. 'मम्मा मिया' (२००८). गोष्ट संपते, श्रेयनामावली सुरू होते आणि सगळे चमचमते कपडे घालून येऊन गातात, वर प्रेक्षकांना विचारतात आणखी हवंय का. सिनेमातला वन्समोअर. ऑझनेही मोडक्या शहरासमोर सगळ्यांना ओळीने उभं करून गायला लावलं असतं तर कदाचित १३ चे ५३ झाले असते.

---

डिस्कवाला

तुलना गडबडली. 'मम्मा मिया'त कुणी मेलेलं नसतं, त्यामुळे परत येण्यात जोखीम शून्य. इथे मेलेल्या ऑड्रीला नाचत आणलं तर काही लोक म्हणतील मग रडवलंत कशाला.

झाडाबद्दल एक तांत्रिक गोष्ट सांगायचीच राहिली, केशरकाडी यांच्या जबड्यावरून आठवली. सिनेमातलं मोठं झाड इतकं जड होतं की गाण्याच्या वेगाने त्याचे ओठ हलेनात. मग त्यांनी कॅमेरा संथ चालवला, सेकंदाला २४ ऐवजी १६ किंवा १२ चौकटी. पडद्यावर नेहमीच्या वेगाने दाखवलं की झाड चपळ दिसतं. पण त्याच चौकटीत नट असला तर त्यानेही संथ हलायला हवं, संथ ओठ हलवून गायला हवं. सीमोर झालेला रिक मोरॅनिस झाडाबरोबर असतो ती दृश्यं नीट बघा. त्याच्या हालचालीत किंचित काहीतरी अनोळखी आहे, पाण्याखाली चालून आलेल्या माणसासारखं. पाच-सहा वेळा पाहिल्यावर मला ते दिसलं. चित्रपटगृहात एकदाच पाहून कधीच दिसलं नसतं. डिस्क कशाला हवी विचारणाऱ्यांना माझं हे उत्तर.

---

केशरकाडी

हे माहीत नव्हतं. म्हणजे आम्ही झाडाला गाणाऱ्याच्या वेगावर आणायला मरत होतो, आणि त्यांनी माणसालाच झाडाच्या वेगावर आणलं.

---

तिसरी घंटा

विचार करून आले. दोन गोष्टी.

एक, चेहऱ्यांबाबत केशरकाडी बरोबर असतील. 'घालू नका' हा शब्द झाडाचा नव्हे. मान्य, जरा नाराजीने.

दोन, तरीही मी डायरेक्टर्स कटच लावणार. ॲशमनने गोड शेवटही स्वतःच लिहिला, तो १९९१ मध्ये गेला, हा परत जोडलेला शेवट त्याने पाहिलाच नाही. त्यामुळे 'लेखकाला काय हवं होतं' असला दावा मी करणार नाही. मला एवढंच दिसतं की पहिल्या गाण्यापासून त्या तिघी गायिका धोक्याची घंटा वाजवताहेत. सूत्रधारच आहेत त्या. सूत्रधाराने तासभर बजावलं की वाईट होणार, आणि मग काहीच वाईट झालं नाही, तर त्या बिचाऱ्या कशासाठी गात होत्या?

---

मागची रांग

@तिसरी घंटा, सूत्रधाराचा मुद्दा चांगला आहे. त्याला माझ्याकडे तोड नाही, सध्या तरी.

पण काल रात्री एक उद्योग केला. डायरेक्टर्स कट लावला. सीमोरला झाडाने गिळलं, चष्मा थुंकला, झेंडा, तिघी, शहर पडलं, झाड पडदा फाडून आलं. संपलं. तिथून सरळ मेनूत गेलो आणि थिएटरवाल्या आवृत्तीचं शेवटचं प्रकरण लावलं. दुकानाच्या ढिगाऱ्यातून सीमोर उठून उभा राहतो, कपडे मळलेले, आणि डोळ्यांवर चष्मा. तोच चष्मा! ऑड्री धावत येते. खरं सांगतो, मी टाळ्या वाजवल्या. एकटाच होतो घरात. ते गोष्टीचं पुढचं पान वाटलंच नाही, नट नमस्काराला आले असं वाटलं.

आता माझा धाग्यातला मूळ मुद्दा, 'मूळ शेवट पुरवणीत टाका', मी मागे घेतो. पुरवणीत टाकायचा असेल तर गोड शेवट टाका. पण टाकाच.

---

डिस्कवाला

म्हणजे आता सिनेमा १०३ अधिक पाच मिनिटांचा. पुढची डिस्क काढणाऱ्यांना हा तिसरा कट सुचवा कुणीतरी.

---

काळा_पांढरा

चौथा. माझा धरून.

---

तिसरी घंटा

ही लबाडी आहे, मागची रांग. गिळलेला माणूस गिळलेलाच राहतो. रिमोटने उठवून उभा केला म्हणून तो जिवंत होत नाही.

---

मागची रांग

मग तुमच्या नाटकात फुलातून डोकं काढून कोण गात होतं?